परक्या हातांनीं काढलेलीं आपलीं चित्रें

नागपुरांतील एका घरीं २०२५ च्या उन्हाळ्यांत एका पुस्तकावरून वाद झाला. पुस्तक जाड होतें, इंग्रजी होतें, आणि त्याच्या पानापानावर चित्रें होतीं. महाविद्यालयांत शिकणाऱ्या नातीनें तें दुपारीं वाचतां वाचतां बंगईवर उपडें ठेविलें आणि ती पाणी प्यावयास आंत गेली. तेवढ्यांत आजोबा तेथें आले. आजोबा निवृत्त शिक्षक, वय ७८. वेष्टनावरील बुद्धाचें नांव वाचून त्यांनीं पुस्तक आदरानें उचललें. पण दोन-चार पानें उलटतांच त्यांच्या कपाळावर आठी उमटली. आंत एक उघडा पोरगा जनावरांच्या संगतींत बागडत होता, कोणी सरदार डोळे वटारून ओरडत होता, बायकांच्या अंगावर पुरेशीं वस्त्रें नव्हतीं, आणि ज्याच्या नांवाचें पुस्तक त्याचा मात्र कोठें पत्ता नव्हता.

"काय ग, भगवान बुद्धांचें चरित्र हा काय खिदळण्याचा विषय झाला?" त्यांनीं नातीस विचारलें.

"आजोबा, ते अजून जन्मलेच नाहींत. पुढें येतात."

"मग एवढीं पानें कोणावर खर्चिलीं आहेत?"

"एका गुलाम मुलावर," नात म्हणाली, "आणि त्याच्या मित्रावर. तुम्ही आधीं वाचा तरी. मग रागवा."

आजोबांचा राग केवळ वडीलधाऱ्या माणसाच्या सोवळेपणाचा नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, अशोक विजयादशमीच्या दिवशीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं ज्या मैदानावर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या लाखों अनुयायांना दिली, त्या मैदानावर हे गृहस्थ नऊ वर्षांचे असतांना वडिलांचें बोट धरून उभे होते. त्या दिवसाचें एकच चित्र त्यांच्या मनांत स्वच्छ राहिलें आहे, आणि तें म्हणजे दृष्टि पोंचेल तेथवर पांढरीं वस्त्रें. ज्या नांवाच्या आधारानें बापानें त्या दिवसापासून मान वर करून चालावयास आरंभ केला, त्या नांवाखालीं कोणा परदेशी चित्रकारानें थट्टामस्करी करावी हें त्यांना कसें रुचावें? तरीहि पुस्तक खालीं ठेवण्यापूर्वीं त्यांनीं तें पुन्हां एकदां उघडलें. बुद्धाच्या आधीं गुलामाची गोष्ट कां सांगितली असावी, असा प्रश्न शिक्षकाच्या मनांत एकदां शिरला म्हणजे तो सहजासहजीं बाहेर पडत नाहीं.

तो चित्रकार म्हणजे ओसामु तेझुका. १९२८ सालीं जन्मलेला, वैद्यकाची पदवी मिळविलेला आणि तरी १९८९ मध्यें मृत्यु येईपर्यंत चित्रेंच काढीत राहिलेला हा विलक्षण मनुष्य. १ जानेवारी १९६३ रोजीं त्याची एका यंत्रबालकाची मालिका जपानच्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली. पुढें 'ॲस्ट्रो बॉय' या नांवानें ती परदेशांतहि गाजली, आणि आज घरोघरचीं मुलें ज्याला ॲनिमे म्हणून ओळखतात त्या उद्योगाची घडी बसविण्यांत तिचा वांटा मोठा आहे. 'बुद्ध' ही चित्रकथा त्यानें १९७२ पासून १९८३ पर्यंत काढली. जपानींत तिचे १४ खंड झाले, इंग्रजी भाषांतरांत ८. अशा चित्रकथेस जपानी लोक 'मांगा' म्हणतात. शब्द नवा नव्हे. होकुसाई या थोर चित्रकाराच्या रेखाटनांचा पहिला संग्रह १८१४ मध्यें याच नांवानें निघाला होता. 'ॲनिमे' हा मात्र इंग्रजी शब्दाचा जपान्यांनीं सोयीपुरता छाटून घेतलेला तुकडा. मांगा वाचावयाची, ॲनिमे पाहावयाचा, एवढा भेद ध्यानांत ठेविला म्हणजे नातवंडांच्या संभाषणांत वडील माणसांस शिरकाव मिळण्यास हरकत नाहीं.

हीं चित्रें परकीं आहेत असें म्हणण्यापूर्वीं मात्र मराठी माणसानें क्षणभर थांबावें हें बरें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळी येथील ठाकर लोक पिढ्यान् पिढ्या चित्रकथीचा खेळ करीत आले. एकेका आख्यानाची सुट्या चित्रांची पोथी असावयाची. एक चित्र श्रोत्यांसमोर धरून, गाऊन व बोलून त्यांतला प्रसंग उभा करावयाचा, आणि मग पुढचें चित्र पुढें आणावयाचें. जपानांतहि दूरचित्रवाणी येण्यापूर्वीं, १९३० नंतरच्या वर्षांत, सायकलीवर लांकडी चौकट बांधून गल्लोगल्लीं हिंडणारा कामिशिबाईवाला हेंच करीत असे. फरक एवढाच कीं, तो आधीं मुलांना मिठाई विकी आणि मग गोष्ट सांगे. मांगा काढणाऱ्या पुढच्या पिढीतील कांहीं नामांकित चित्रकार याच धंद्यांतून आले. जपानी चित्रांतील माणसांचे डोळे कानापर्यंत कां पोंचतात, असें नाक मुरडून विचारणाऱ्यांनीं पैठणी धाटणीच्या जुन्या चित्रांतील एका बाजूनें काढलेले चेहरे आणि त्यांवरचे ते टपोरे डोळे एकदां अवश्य पाहावे. दादासाहेब फाळक्यांनीं १९१५ मध्यें 'आगकाड्यांची मौज' हा आगपेटींतल्या काड्या नाचविणारा लघुपट केला, तेव्हां जपानांतहि हा खेळ बाल्यावस्थेंतच होता; तेथील आज उपलब्ध असलेला एक अगदीं जुना व्यंगचित्रपट १९१७ चा आहे. दोन्ही देश एकाच सुमारास त्या दारांत उभे होते. एक आंत शिरला आणि एक दारांतच रेंगाळला, ही गोष्ट वेगळी.

या घरांत जपानी चित्रें प्रथम आलीं तीं पुस्तकरूपानें नव्हेत. नातीचे वडील नऊ-दहा वर्षांचे असतांना, १९९३ च्या सुमारास, रविवारीं सकाळीं दूरदर्शनवर मोगलीची मालिका लागे. तिचें हिंदी शीर्षकगीत गुलजार यांचें, संगीत विशाल भारद्वाज यांचें, आणि शेरखानाचा आवाज नाना पाटेकर यांचा. त्यामुळें ती मुळांत जपानी आहे हें फार थोड्यांच्या ध्यानांत आलें. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेनें १९८९-९० मध्यें ५२ भागांत ती तयार केली होती. किपलिंगनें १८९४ च्या आपल्या पुस्तकांत जें अरण्य रंगविलें तें सिवनीच्या टेकड्यांचें. सिवनी म्हणजे कांहीं दूरदेश नव्हे. जबलपूरच्या रस्त्यानें नागपूरपासून सुमारें १२५ किलोमीटर. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हीं दोन्ही गांवें एकाच प्रांतांत होतीं आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. ज्या वैनगंगेच्या कांठीं मोगली वाढला ती सिवनी जिल्ह्यांत उगम पावून पुढें भंडाऱ्यास येते. म्हणजे गोष्ट परसांतली. ती एका इंग्रजानें लिहिली, जपान्यांनीं तिचीं चित्रें काढलीं, दिल्ली-मुंबईनें तिला बोली दिली, आणि भंडाऱ्याच्या आजोळीं वैनगंगेंत पोहावयास शिकलेल्या मुलानें ती नागपुरांत बसून पाहिली.

तीच मालिका या गृहस्थानें अलीकडे मुलीबरोबर पुन्हां पाहिली, आणि आतां त्याला पदोपदीं हंसूं फुटलें. पेंचच्या रानांत तो दर उन्हाळ्यांत जातो. पानें गाळून उभा असलेला साग, पहांटे मोहाखालीं पडलेला फुलांचा सडा, पाणवठ्याभोंवतीं भेगाळलेली जमीन, यांपैकीं कांहींएक त्या चित्रांत पाहिल्याचें त्याला आठवत नाहीं. उलट मोगलीच्या मित्रांत एक तांबडा पांडा आहे. हा प्राणी हिमालयाच्या थंड रानांतला. सिवनीच्या उन्हांत त्याचा निभाव एक दिवसहि लागावयाचा नाहीं. मोगलीच्या हातांत बूमरँग आहे, तें ऑस्ट्रेलियांतलें. "बाबा, लहानपणीं तुमच्या हें लक्षांत आलें नाहीं?" असें मुलीनें विचारतां तो म्हणाला, "नाहीं. लहानपणीं एकच काळजी असे. हा मुलगा लांडग्यांचा कीं माणसांचा?"

या उत्तरांत टीकेचें एक माप आपोआप सांपडतें. झाडें चुकलीं, जनावरें चुकलीं, शस्त्र चुकलें; प्रश्न चुकला नाहीं. दोन कुळांत वाढलेल्या पोराला शेवटीं कोणतेंहि एक घर पुरें पडत नाहीं, हें दुःख त्या मालिकेनें घाई न करितां बावन्न भाग सांभाळलें. वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेंत ती नापास होईल, पण दहा वर्षांच्या प्रेक्षकानें तिला त्या परीक्षेस बसविलें नव्हतें.

घाई न करणें हा गुण जपानी चित्रपटांत जेथें आहे तेथें फार मोठा आहे, आणि जेथें नाहीं तेथें त्यांच्याइतका कर्कश माल दुसरा नाहीं. बराचसा ॲनिमे म्हणजे न संपणाऱ्या मारामाऱ्या. नायक ओरडतो, प्रतिनायक त्याहून मोठ्यानें ओरडतो, आणि निकाल पुढच्या आठवड्यावर जातो. चांचेगिरीची एक मांगा १९९७ मध्यें सुरू झाली ती पंचवीस वर्षें उलटलीं तरी किनाऱ्यास लागली नव्हती. नातीच्या मैत्रिणींना तिचे शेंकडों भाग तोंडपाठ आहेत. असो, ज्या पिढीनें रहस्यकथांच्या मालिका आडून आडून वाचल्या तिनें या बाबतींत फार बोलूं नये.

पण इसाओ ताकाहाता याचा १९८८ चा 'काजव्यांचें थडगें' हा चित्रपट पाहावा. १९४५ मध्यें कोबे शहरावर आगीचे बाँब पडले. आई गेली, आणि एक चौदा वर्षांचा मुलगा चिमुकल्या बहिणीला घेऊन जगण्याची खटपट करतो. दोघेंहि जगत नाहींत, हें पहिल्याच प्रसंगांत सांगून टाकलेलें आहे. त्यानंतर चित्रपटांत उरतें तें काय? गोळ्यांचा एक पत्र्याचा डबा. गोळ्या संपल्यावर त्यांत पाणी घालून तें गोड पाणी बहिणीस देणें. हीं दृश्यें चालूं असतांना संगीत गप्प राहतें, पात्रें गप्प राहतात, आणि प्रेक्षकाला मान वळविण्यास जागा उरत नाहीं. हा चित्रपट जपानांत पहिल्या दिवशीं, १६ एप्रिल १९८८ रोजीं, 'माझा शेजारी तोतोरो' या अत्यंत आनंदी बालचित्रपटाच्या जोडीनें एकाच तिकिटांत दाखविण्यांत आला. ही जोडी जमविणाऱ्याच्या मनांत काय होतें देव जाणे. दोन आघातांमधील मोकळ्या जागेला जपानी लोक 'मा' म्हणतात. तबल्याच्या बैठकीस बसलेल्या नागपूरकरास हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. खाली जागा मोजतां येते तोच सम गांठतो. या घरांतील गृहस्थ मात्र तो डबा दुसऱ्यांदां दिसतांच उठून गच्चीवर गेला आणि चित्रपट संपल्यावरच खालीं आला.

शेजारच्या काकूंची गोष्ट निराळी. त्या रामटेकच्या. गडावरचें राममंदिर आणि त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा यांतच त्यांचें बालपण गेलें. २४ जानेवारी २०२५ रोजीं 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' हा जुना जपानी-भारतीय चित्रपट नव्या स्वच्छ प्रतीच्या रूपानें भारतांतील चित्रपटगृहांत लागला, तेव्हां त्या नातवंडांना घेऊन गेल्या. या चित्रपटाची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. युगो साको हा जपानी गृहस्थ १९८३ मध्यें भारतांत आला तो रामायणाशीं संबंधित उत्खननांवर एक माहितीपट करण्यासाठीं. एका वृत्तपत्रांतील गैरसमजामुळें तो स्वतःच रामायण चित्रित करीत आहे अशी वार्ता पसरली, आणि परकीयानें आमच्या राष्ट्रीय ठेव्याला हात लावूं नये असें निषेधाचें पत्र जपानी वकिलातींत जाऊन पोंचलें. गैरसमज पुढें निवळला. पण मौज अशी कीं, जी गोष्ट त्यानें केली नव्हती तिच्याबद्दल निषेध झाला, आणि पुढें तीच गोष्ट करावयाची असें त्यानें मनावर घेतलें. भारतीय व्यंगचित्रपटांचे एक आद्य शिल्पकार राम मोहन आणि जपानचे कोइची सासाकी यांना बरोबर घेऊन त्यानें तो १९९२ मध्यें पुरा केला. संगीत वनराज भाटिया यांचें. संस्कृत गीतें वसंत देव यांचीं. धोतर कसें नेसावें, वडिलांना नमस्कार कसा करावा, राजसभेंत बैठक कशी असावी, या गोष्टी जपानी चित्रकारांना मुळापासून समजावून सांगाव्या लागल्या, आणि त्यांनीं त्या ऐकल्या. १९९३ मध्यें तो भारतांतील आंतरराष्ट्रीय महोत्सवांत दाखविला गेला. चित्रपटगृहांत मात्र त्या काळीं त्याला फारशी जागा मिळाली नाहीं, आणि मुलांना तो ठाऊक झाला तो पुढें दूरचित्रवाणीवरून.

काकूंना चित्रपट आवडला. अरण्यें आवडलीं, समुद्र आवडला, आणि कुंभकर्ण पडद्यावर उठून उभा राहिला तेव्हां मांडीवरचा नातू त्यांना बिलगला यांतच पैसे वसूल झाले असें त्यांनीं सांगितलें. तथापि घरीं परततांना त्या गप्प होत्या. नातीच्या आईनें कारण विचारलें, तेव्हां म्हणाल्या, "सगळें छान ग. पण अयोध्येला आल्यावर लगेच संपलें."

हा आक्षेप वरवर साधा दिसतो, पण ज्यांनीं 'गीतरामायण' ऐकलें आहे त्यांना त्यांतली खोंच कळेल. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणें आकाशवाणीवरून दर आठवड्यास ग. दि. माडगूळकरांचें एक गीत सुधीर फडक्यांच्या संगीतांत ध्वनिक्षेपित होत गेलें. अशीं ५६ गीतें झालीं. त्या मालिकेंत कथा सांगतात ते रामाचे दोन पुत्र, आणि ती ऐकतो तो खुद्द राम. ज्यांना आपला बाप समोर बसला आहे हें ठाऊक नाहीं अशा मुलांच्या तोंडून सगळें रामचरित्र येत असल्यामुळें, सीतेचा त्याग प्रत्यक्ष सांगण्यापूर्वींच प्रत्येक मंगल प्रसंगाच्या पाठीशीं उभा असतो. जपानी चित्रपट अयोध्येच्या दीपोत्सवापाशीं थांबतो. त्यांत सीतात्याग नाहीं. मुलांसाठीं काढलेल्या चित्रपटानें तेथें थांबावें हें समजण्यासारखें आहे. पण तांबड्या पांड्यापेक्षां ही चूक मोठी म्हणावी लागेल, कारण येथें वस्त्रें, नमस्कार, रथ, सर्व कांहीं अचूक असून अवघड प्रश्न तेवढा उंबऱ्याबाहेर ठेविलेला आहे. शिवाय एक गोष्ट चित्रपटाच्या हातची नव्हती. गीत ऐकतांना प्रत्येक घरानें आपापला राम कल्पिला होता. पडदा एकदां राम दाखवितो म्हणजे इतर सगळे राम थोडे मागें सरकतात. काकूंचा राम गडावरचा होता, आणि तो त्या संध्याकाळीं बहुधा थोडा मागें सरकला असावा.

इकडे आजोबांचें वाचन चालूं होतें. रात्रीं जेवणें झाल्यावर दिव्याखालीं पुस्तक धरून ते बसत, आणि नात आपण तिकडे पाहतच नाहीं असें दाखवी. तिसऱ्या रात्रीं त्यांनीं विचारलें, "हा मध्येंच चष्मेवाला कोण आला?"

"तो चित्रकार स्वतः. मधूनमधून येतो."

"चरित्रांत चरित्रकारानें नाचूं नये," आजोबा म्हणाले आणि पुढें वाचूं लागले.

हा दोष खरा आहे. तेझुका गंभीर प्रसंगाच्या ऐन भरांत विसाव्या शतकांतला एखादा विनोद टाकतो, आणि वाचकाचा पाय घसरतो. पात्रेंहि त्यानें खुशाल नवीं निर्माण केलीं आहेत. जनावरांच्या देहांत शिरूं शकणारा तत्ता नांवाचा अस्पृश्य मुलगा आणि चाप्रा हा गुलाम कोणत्याहि त्रिपिटकांत सांपडावयाचे नाहींत. ज्यांची नांवें ग्रंथांत आहेत त्यांनाहि त्यानें हवें तसें वळविलें. पुढच्या एका खंडांत देवदत्त लहानपणीं लांडग्याच्या आश्रयास राहतो असें नातीनें सांगितलें, तेव्हां तिच्या वडिलांना साहजिकच आनंद झाला. आजोबांना झाला नाहीं.

"परंपरेंत नाहीं तें घालावयाचा अधिकार याला कोणीं दिला?" त्यांनीं विचारलें.

नात तयारींत होती. "बाबासाहेबांनीं तरी परंपरेंतली गोष्ट जशीच्या तशी कोठें घेतली, आजोबा?"

तिचें म्हणणें खरें होतें. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथांत म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनानें सिद्धार्थ घराबाहेर पडला ही प्रसिद्ध कथा त्यांनीं स्वीकारली नाहीं. एकोणतीस वर्षांच्या राजपुत्रास म्हातारपण आणि मरण प्रथमच दिसलें हें त्यांच्या बुद्धीस पटेना. त्यांच्या मतें शाक्य आणि कोलिय यांच्यांत रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा पेटला, सिद्धार्थानें युद्धास विरोध केला, आणि त्यांतून त्याचें गृहत्यागाचें पाऊल पडलें.

आजोबा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "त्यांनीं कारण दिलें. तुझा चित्रकार कारण देतो का?"

याचें उत्तर पुस्तकांतच आहे, आणि तें आजोबांना चौथ्या रात्रीं मिळालें असावें. असित ऋषींचा शिष्य नरदत्त एका माणसाचा जीव वाचविण्यासाठीं तत्ताच्या त्या अद्भुत शक्तीचा उपयोग करतो. औषध लवकर यावें म्हणून तत्ता एका जनावराच्या देहांतून दुसऱ्याच्या देहांत शिरत धांवतो, आणि एकेक जनावर ऊर फुटून मरून पडतें. माणूस वांचतो. नरदत्त समाधान पावतो. पण गुरु त्याला विचारतात कीं, एका जिवासाठीं तूं इतके जीव घेतलेस ते कोणत्या हिशेबानें? आणि शिक्षा म्हणून त्याला पुढचें आयुष्य पशूसारखें, चार पायांवर, वाचेवांचून कंठावें लागतें. ही कथा कोणत्याहि जातकांत नाहीं. पण जातकें ज्यांच्या कानांवरून गेलीं आहेत त्यांना ती परकी वाटत नाहीं. तेझुकानें दिलेलें कारण हें असें आहे: बुद्धाला काय सांपडलें हें कळण्यासाठीं तो येण्यापूर्वीं जग किती अडलेलें होतें तें दिसलें पाहिजे. म्हणून पहिल्या खंडांत बुद्ध जवळजवळ नाहीं. आहेत ते ज्यांना त्याची गरज होती ते.

येथें या मांगेचें मोठेपण मान्य करावें लागतें. जपानांत बसलेल्या चित्रकारास जातिव्यवस्थेचे बारकावे ठाऊक नव्हते. कोण शूद्र, कोण गुलाम, कोण अस्पृश्य, याची त्यानें बरीच सरमिसळ केली आहे. वस्त्रें मनची, शस्त्रें मनचीं. परंतु बुद्धाच्या चरित्राचें दार कोणत्या बाजूस आहे हें त्यानें अचूक ओळखलें. राजवाड्याच्या सज्जावरून आरंभ करण्याची सोपी वाट सोडून तो गुलामांच्या वस्तीपासून निघाला. आपल्याकडच्या मुलांसाठीं लिहिलेल्या किती बुद्धचरित्रांनीं असें केलें आहे? हंस, बाण आणि देवदत्त यांपासून सुरुवात करून चार दर्शनांवर येण्याचा परिपाठ इतका रुळलेला आहे कीं, त्या काळीं राजपुत्रांखेरीज दुसरीं मुलें नव्हतींच असें वाटावें. नागपुरास जपानी माणूस बुद्धाच्या नांवानें येणें हें कांहीं नवें नव्हे. १९६० नंतरच्या दशकांत येथें आलेले भदन्त शुरेई ससाई इथलेच झाले, आणि कामठीचें ड्रॅगन पॅलेस जपानी साहाय्यानें १९९९ मध्यें उभें राहिलें. हें पुस्तक त्याच वाटेवरचें म्हणावयास हरकत नाहीं, जरी तें कोणत्याहि विहारांत ठेवण्यासारखें नसलें तरी.

पाचव्या रात्रीं चाप्राचा शेवट आला. हा गुलाम मुलगा एका सेनापतीचा जीव वांचवितो, आपला जन्म लपवून त्याचा मानसपुत्र होतो, धनुर्विद्येंत आणि शौर्यांत सर्वांच्या पुढें जातो. आई तेवढी त्याचें गुपित असते; ती गुलाम, आणि तिच्यावरचें त्याचें प्रेम लपत नाहीं. शेवटीं सर्व उघडकीस येतें, आणि मिळविलेलें सारें एका क्षणांत जाऊन त्याच्या वांट्यास आईसह मरण येतें. तीं पानें जवळजवळ निःशब्द आहेत. तेझुकाचा हात येथें इतका संयमी झाला आहे कीं, मागच्या पानांवरचे विनोद त्याचेच का असा संशय यावा.

आजोबांनीं पुस्तक मिटलें, चष्मा काढून बराच वेळ पुसला. नात समोर बसली होती.

"कसें वाटलें?" तिनें विचारलें.

"चित्रें चांगलीं आहेत," ते म्हणाले. मग कांहीं वेळानें, "या पोराला लपविण्यावांचून दुसरें कांहीं सुचत नाहीं. कारण तो एकटा आहे."

त्यावर नात कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुस्तक तिच्या टेबलावर परत आलें. तिनें चाळून पाहिलें. शिक्षकाच्या संवयीप्रमाणें समासांत पेन्सिलीच्या खुणा होत्या: जातींचीं नांवें चुकलीं तेथें बारीक दुरुस्त्या, चष्मेवाला दिसला तेथें फुली, नरदत्ताच्या शिक्षेच्या पानावर एक उभी रेघ. चाप्राच्या मरणाच्या पानावर दुरुस्ती नव्हती, फुली नव्हती. तळाशीं फक्त एक तारीख लिहिलेली होती: १४-१०-५६.

तिनें ती पुसली नाहीं. दुपारीं आजोबा झोंपेंतून उठावयाच्या सुमारास तिनें दुसरा खंड आणून बंगईवर ठेविला, या वेळीं सुलटा.